हुप्पा

हुप्पा ही ज्यू (यहुदी) विवाहविधीत वधूवरांच्या डोक्यावर धरली जाणारी किंवा उभारली जाणारी चौकोनी छत असलेली चौकट होय. चार काठ्या आणि त्यांवर ताणलेले एक वस्त्र एवढेच तिचे मूळ रूप आहे. छताखालील जागा हे नवदांपत्याचे पहिले घर मानले जाते. हुप्पा हा शब्द त्या छतासाठी जसा वापरतात, तसाच त्याखाली होणाऱ्या विधीसाठी आणि एकूण विवाहासाठीही वापरतात. महाराष्ट्रात या विधीचा संबंध प्रामुख्याने कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजाशी येतो. अलीकडे लग्नसजावटीतही हुप्प्याच्या घाटाची चौकट दिसू लागली आहे.

नाव आणि उच्चार

हा शब्द हिब्रू भाषेतील असून 'झाकणे', 'आच्छादणे' अशा अर्थाच्या धातूपासून तो बनला आहे. त्यातील पहिला वर्ण 'ह' आणि 'ख' यांच्या मधला, घशातून घासत येणारा आहे. त्यामुळे मराठीत 'हुप्पा' आणि 'खुप्पा' ही दोन्ही लेखने चालण्यासारखी आहेत. रोमन लिपीतील स्पेलिंगवरून केले जाणारे 'चुप्पा' किंवा 'छुप्पा' हे लेखन मात्र चुकीचे आहे. सजावटकारांच्या जाहिरातींत ते आढळते, तरी मूळ भाषेत तेथे 'च' हा उच्चारच नाही.

उगम आणि बदलत गेलेला अर्थ

हिब्रू बायबलमध्ये हुप्पा म्हणजे छत नव्हे, तर नवपरिणितांची खोली किंवा तंबू. स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्रात सूर्याला हुप्प्यातून बाहेर पडणाऱ्या वराची उपमा दिली आहे. योएल संदेष्ट्याच्या दुसऱ्या अध्यायात संकटकाळी वराने आपल्या खोलीतून व वधूने आपल्या हुप्प्यातून बाहेर यावे, असे आवाहन आहे. वराने वधूला आपल्या निवाऱ्यात आणले की विवाह पूर्ण झाला, ही मूळची कल्पना होती.

तालमुदच्या 'गिट्टीन' या प्रकरणात हुप्प्याविषयी एक विलक्षण कथा येते. बेतार या नगरात मुलगा जन्मला की गंधसरूचे, म्हणजे देवदाराच्या कुळातील झाड लावीत आणि मुलगी जन्मली की दुसरे एक सूचिपर्णी झाड लावीत. ही मुले मोठी होऊन त्यांचे लग्न ठरले की त्या झाडांच्या फांद्या तोडून हुप्पा उभारीत. एकदा रोमन सम्राटाची मुलगी तेथून जात असता तिच्या पालखीचा दांडा मोडला. तिच्या चाकरांनी दांड्यासाठी यांतले एक गंधसरूचे झाड तोडले आणि गावकरी त्यांच्यावर तुटून पडले. ज्यूंनी बंड केले, असे सम्राटाला कळविण्यात आले आणि त्यातून बेतारचा नाश ओढवला. इ. स. १३५ च्या सुमारास रोमनांनी बेतार जिंकले, हा इतिहास आहे. पालखीची कथा ही तालमुदची परंपरा आहे. मात्र हुप्प्याचे लाकूड जन्मापासून राखून ठेवण्याइतके मोलाचे मानले जात असे, हे तिच्यावरून कळते.

प्राचीन काळी ज्यू विवाहाचे दोन टप्पे होते. पहिला 'किद्दुशीन', म्हणजे वधू त्या वरासाठी राखली गेल्याची घोषणा. दुसरा 'निस्सुईन', म्हणजे प्रत्यक्ष एकत्र नांदण्याचा आरंभ. हुप्प्याचा संबंध या दुसऱ्या टप्प्याशी आहे. दोहोंमध्ये पुष्कळदा वर्षभराचे अंतर असे. मध्ययुगात हे दोन्ही विधी एकाच दिवशी, एकामागून एक होऊ लागले. त्यामुळे स्वतंत्र खोलीऐवजी सर्वांसमक्ष उभारता येईल असा प्रतीकात्मक निवारा सोयीचा झाला.

चार काठ्यांवरचे फिरते छत हे आज सर्वपरिचित असलेले रूप मध्य व पूर्व युरोपातील आश्केनाझी ज्यूंमध्ये सोळाव्या शतकापर्यंत रूढ झाले. पोलंडमधील क्राकूव्ह येथील धर्मशास्त्री मोशे इस्सर्लेस (मृत्यू १५७२) यांनी 'शुल्हान आरूख' या ग्रंथावरील आपल्या टिपांत या पद्धतीची नोंद केली आहे. काठ्यांवर वस्त्र पसरून त्याखाली वधूवरांना आणतात व त्यालाच आता हुप्पा म्हणतात, असे ते सांगतात. हा विधी उघड्या आकाशाखाली करावा, म्हणजे संतती ताऱ्यांइतकी वाढेल, हा संकेतही त्यांनी नोंदला आहे. आजही अनेक आश्केनाझी कुटुंबे याच कारणाने लग्न मोकळ्या जागेत करतात, किंवा सभागृहाच्या छताला उघडझाप करणारी खिडकी ठेवतात.

स्पेन, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातील अनेक ज्यू समाजांत काठ्यांचे छत अनिवार्य मानले जात नसे. तेथे 'तल्लित' ही प्रार्थनेची झालरीदार शाल वधूवरांच्या डोक्यावर किंवा खांद्यांवर धरण्याची रीत आढळते. हुप्पा म्हणजे नेमके काय, छत, शाल, वधूच्या चेहऱ्यावरचा पडदा की विधीनंतरचा दोघांचा एकांत, याविषयी धर्मशास्त्र्यांत एकमत नाही. म्हणून बहुतेक समाज यांपैकी एकाहून अधिक गोष्टी करून सर्वच मतांचा मान राखतात.

विधी

हुप्प्याखाली वधूवर, विधी चालविणारा रब्बी किंवा हज्जान (प्रार्थना चालविणारा) आणि जवळचे आप्त एवढेच उभे राहतात. बाकी मंडळी भोवती असतात. द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणून झाल्यावर वर दोन साक्षीदारांसमोर वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत अंगठी घालतो आणि मोशेच्या व इस्राएलच्या नियमानुसार ती आपली झाल्याचे हिब्रूत घोषित करतो. त्यानंतर 'केतुबा' हा विवाहलेख वाचतात. केतुबा बहुतांशी अरामी भाषेत असतो. पतीने पत्नीला द्यावयाचे अन्नवस्त्र आणि घटस्फोट वा वैधव्य आल्यास तिला मिळावयाची रक्कम यांची हमी त्यात दिलेली असते. तो नवऱ्याने बायकोला लिहून दिलेला दस्त आहे आणि तो तिच्याच ताब्यात राहतो.

यानंतर 'शेवा ब्राखोत' म्हणजे सात आशीर्वाद म्हटले जातात. त्यांसाठी दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती परंपरेने आवश्यक असते. शेवटी वर पायाखाली काचेचा पेला फोडतो. इ. स. ७० मध्ये उद्ध्वस्त झालेल्या जेरुसलेमच्या मंदिराची आठवण ऐन आनंदाच्या घडीलाही पुसली जाऊ नये, असा त्याचा सर्वसाधारणपणे सांगितला जाणारा अर्थ आहे. आश्केनाझी पद्धतीत वधू आरंभी वराभोवती तीन किंवा सात फेऱ्या घालते. या सातांच्या आकड्यावरून सप्तपदीशी तुलना केली जाते, पण ती वरवरची आहे. सप्तपदी अग्नीच्या साक्षीने दोघांनी मिळून चालायची असते, तर ज्यू विवाहात अग्नीला स्थानच नाही.

बेने इस्राएल समाजातील विवाह

बेने इस्राएल हा कोकणातील, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातील ज्यू समाज. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून सात जोडपी वाचली व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी त्यांची परंपरा आहे. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची आडनावे गावांवरून आली आहेत. त्यांची मातृभाषा मराठी आहे.

या समाजाचे पहिले सभास्थान (सिनेगॉग) सामाजी हसाजी, अर्थात सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत बांधले. 'शार हरहमीम' हे त्याचे नाव. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणत. एकोणिसाव्या शतकात अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), ठाणे (१८७९) येथे सभास्थाने झाली. त्यापूर्वीच्या पिढ्यांपुढे सभास्थान नव्हते आणि या समाजात रब्बीही नव्हते. लग्ने घरीच लागत आणि आजूबाजूच्या मराठी समाजाप्रमाणे दारात मांडव पडे. मेंदी, हिरव्या बांगड्या, मंगळसूत्र, वराच्या कपाळावर फुलांचा सेहरा आणि घोड्यावरून वरात हे सारे या विवाहांत होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला बेने इस्राएलांचा इतिहास हा या चालीरीतींविषयीचा महत्त्वाचा ग्रंथ आहे.

सभास्थाने झाल्यावर विवाहाचे धार्मिक अंग तेथे गेले. सभास्थानाच्या मध्यभागी कठडा असलेला उंचवटा असतो. त्याला 'तेवा' म्हणतात. तेथूनच तोराचे वाचन होते आणि विवाहाचा विधीही तेथेच होतो. वर आधी येऊन थांबतो आणि वधू दारातून आत येताना हिब्रू गीत गाऊन तिचे स्वागत करतो. वधू बहुधा पांढऱ्या साडीत असते. कोकणात द्राक्षारस सहज मिळत नसे, म्हणून भिजवलेल्या काळ्या मनुकांचे सरबत धार्मिक विधींत वापरण्याची रीत या समाजात पडली. काही जुन्या केतुबांत पारंपरिक मजकुरासोबत मराठी मजकूरही आढळतो.

लग्नाच्या आधी 'मलिदा' हा विधी होतो. गोड पोहे, ओले खोबरे, फळे आणि सुकामेवा यांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करतात व प्रसाद वाटतात. मलिदा आणि मेंदी ही बेने इस्राएल लग्नाची खरी ओळख म्हणावी लागेल. हुप्पा जगभरच्या ज्यूंना समान आहे. पोह्यांचे हे ताट मात्र कोकणाचे आहे.

हुप्प्याच्या अधिकाराचा वाद (१९६२ ते १९६४)

१९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर बेने इस्राएलांचे मोठ्या संख्येने स्थलांतर सुरू झाले. इस्राएलमध्ये ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्याने धर्मपीठाच्या अखत्यारीत आहेत. धर्मपीठाची मान्यता नसेल तर देशात ज्यू विवाह नोंदताच येत नाही. काही रब्बींनी बेने इस्राएल तरुण-तरुणींचे अन्य ज्यूंशी विवाह लावण्यास नकार दिला. शेकडो वर्षे कोकणात रब्बीविना राहिलेल्या या समाजात घटस्फोट व विधवाविवाह धर्मशास्त्राच्या नियमांनुसार झाले असतील का, तसेच मध्यंतरी बाहेरच्यांशी विवाह झाले असतील का, अशा शंका त्यांनी काढल्या.

मुख्य धर्मपीठाने असे विवाह तत्त्वतः मान्य केले. परंतु १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांत, बेने इस्राएल व्यक्ती अन्य ज्यूशी विवाह करू इच्छित असल्यास तिच्या आईकडील पूर्वजांची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे रब्बींना सांगण्यात आले. ही चौकशी नावानिशी एकाच समाजावर लादलेली होती. कोकणात गावोगावी विखुरलेल्या कुटुंबांना पणजीच्या लग्नाचा लेख कोठून मिळणार? ज्या लोकांनी कोणी शिकवणारा नसताना शनिवार पाळला, सुंता पाळली आणि 'शेमा' ही प्रार्थना जपली, त्यांनाच हुप्प्याखाली उभे राहण्यापूर्वी आपले ज्यूपण सिद्ध करण्यास सांगण्यात आले.

याविरुद्ध बेने इस्राएलांनी आंदोलन केले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. ऑगस्ट १९६४ मध्ये हा प्रश्न इस्राएलच्या संसदेपुढे (क्नेसेट) आला. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, अशी भूमिका घेतली. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांतील समाजाचा नामोल्लेख काढून टाकला आणि चौकशीचा नियम शंका असलेल्या कोणाही व्यक्तीसाठी सर्वसाधारण स्वरूपात ठेवला. नाव गेले, नियम राहिला. तरीही सामूहिक संशयाचा शिक्का पुसला गेला, हे या लढ्याचे फलित होय.

आज इस्राएलमधील बेने इस्राएल कुटुंबांत विवाह इतर ज्यूंप्रमाणेच सभागृहात हुप्प्याखाली होतो. मराठी वळण टिकले आहे ते आदल्या दिवशीच्या मेंदीत. भारतात हा समाज आता काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. भारतात ज्यू विवाहासाठी स्वतंत्र संहिताबद्ध कायदा नाही, असे विवाह समाजाच्या रूढीनुसार लागतात. आंतरधर्मीय जोडप्यांना विशेष विवाह कायदा, १९५४ लागू होतो.

मांडव, बोहले आणि हुप्पा

हुप्पा समजावून सांगताना त्याला 'ज्यूंचा मांडव' म्हणण्याचा प्रघात आहे. हे वर्णन सोपे असले तरी पुरेसे नाही. मांडव हा पाहुण्यांसाठी असतो. बीड जिल्ह्यासारख्या मराठवाड्याच्या कोरड्या भागात वैशाखातल्या लग्नाला गावजेवणाएवढी माणसे जमतात, तेव्हा मांडवाचे पहिले काम सावलीचे असते. मुहूर्तमेढ रोवल्यावर आंबा, जांभूळ, उंबर यांचे डहाळे बैलगाडीतून वाजतगाजत आणून मांडवावर घालतात. या विधीला 'मांडवडहाळे' म्हणतात. बेतारच्या कथेतील फांद्यांचा हुप्पा वाचताना मराठी वाचकाला मांडवडहाळ्यांची आठवण झाल्यास नवल नाही. पण हुप्प्याखाली फक्त वधूवर आणि विधीपुरती माणसे मावतात, पाहुणे त्याच्या बाहेर असतात.

म्हणून हुप्प्याची तुलना खरे तर बोहल्याशी करावी. बोहले म्हणजे वधूवरांसाठी मांडवात घातलेला मातीचा चौरस ओटा. त्याच्या चार कोपऱ्यांशी मडक्यांच्या उतरंडी रचण्याची पद्धत अनेक ठिकाणी होती. चार कोपऱ्यांनी आखलेली आणि केवळ वधूवरांची अशी जागा हे दोन्हींतील साम्य आहे. बोहल्यात महत्त्व पायाखालच्या जमिनीला, तर हुप्प्यात डोक्यावरच्या छताला. अंतरपाटाशी मात्र हुप्प्याच्या वस्त्राचे नाते उलटे आहे. अंतरपाट वधूवरांच्या मध्ये धरतात व मंगलाष्टके संपताच दूर करतात. हुप्प्याचे वस्त्र दोघांवर मिळून असते आणि विधी संपेपर्यंत हलत नाही.

आधुनिक सजावटीतील वापर

धर्मशास्त्राच्या दृष्टीने हुप्प्याला फारसे अलंकरण लागत नाही. छत, त्याला आधार देणारे चार खांब आणि खाली उभे राहण्यापुरती जागा इतके पुरते. छत वस्त्राचे असावे, हा रूढ संकेत आहे. चारही बाजू मोकळ्या ठेवतात. अब्राहामाचा तंबू कोणत्याही दिशेने येणाऱ्या पाहुण्यासाठी उघडा असे, त्याचे हे स्मरण असल्याचे सांगतात. सजावटीत या संकेताचा पुष्कळदा विसर पडतो. मागची बाजू फुलांच्या भिंतीने आणि दोन्ही कडा पडद्यांनी बंद केल्या की छायाचित्र चांगले येते, पण हुप्प्याचा अर्थ हरवतो.

छतासाठी मखमल, रेशीम किंवा कशिदा केलेले कापड वापरतात. आजोबांचा तल्लित, आईच्या लग्नातील शालू किंवा नातेवाइकांनी दिलेले तुकडे जोडून शिवलेली गोधडी यांचेही छत करतात. खांब दोन प्रकारचे असतात. हातात धरायच्या काठ्या चार आप्तेष्ट उचलून उभे राहतात, हा त्यांच्यासाठी मान असतो. दुसऱ्या प्रकारात लाकडी किंवा लोखंडी खांब जड बैठकीवर उभे करतात. मोकळ्या मैदानात वारा छताच्या कापडात शिडासारखा भरतो, म्हणून बैठकीला वाळूची पोती किंवा लोखंडी वजने लावणे आवश्यक असते. छत साधारणपणे सात ते आठ फूट उंच ठेवतात. त्याहून कमी उंचीवर मध्ये झोळ पडला की कापड उंच माणसाच्या डोक्याला लागते.

महाराष्ट्रात मंगल कार्यालये आणि मंडप डेकोरेटर यांच्यामुळे मांडवाचे रूप बदलले आहे. डहाळ्यांच्या जागी ताग्यांचे कापड, झालरी आणि कृत्रिम फुले आली. २०१८ च्या प्लॅस्टिक व थर्माकोलबंदीनंतर थर्माकोलचे खांब आणि कमानी यांना पर्याय शोधावे लागले व कापड, बांबू आणि खरी फुले यांना पुन्हा मागणी आली. चार खांबांची, वर पातळ कापड सोडलेली चौकट याच काळात हिंदू लग्नांच्या स्टेजवरही दिसते. तिचा घाट हुप्प्यासारखा असला तरी खाली केतुबा वा सात आशीर्वाद नसल्यामुळे तिला हुप्पा म्हणता येणार नाही. ती मंडपी होय, आणि मराठीत हा शब्द आधीपासून आहे.

अमेरिकेसारख्या देशांत एक कुटुंब हिंदू व एक ज्यू असलेल्या विवाहांत एकच चौकट दोन्ही विधींसाठी वापरण्याची पद्धत रुळली आहे. अशा चौकटीचे छत बरेचदा तल्लिताचे आणि खांबांवरचे हार झेंडूचे असतात. दोन्ही विधी एकापाठोपाठ किंवा दिवसाच्या दोन वेळांना होतात. पारंपरिक रब्बी आंतरधर्मीय विवाह लावत नाहीत, पण उदारमतवादी पंथांतील काही रब्बी लावतात. त्यामुळे सजावटीपूर्वी विधी चालविणाऱ्याशी बोलणे इष्ट ठरते. शनिवारी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, ज्यू विवाह लागत नाही. तेव्हा मुहूर्त काढतानाच हे पाहावे लागते. दुसरी अडचण होमाची. ज्यू विधीत अग्नी नसल्याने हुप्प्याचे छत खाली आणि पातळ कापडाचे असते. त्याखाली होमकुंड पेटविणे धोक्याचे ठरते. म्हणून अशा लग्नांत होमकुंड छताच्या पुढे मोकळ्या जागेत मांडतात, किंवा ज्यू विधी आटोपल्यावर कापड उतरवून केवळ फुलांनी मढवलेली चौकट होमासाठी ठेवतात.